एमिनंट : उठून दिसणाऱ्यांसाठीचा शब्द

चतुर्थी आटोपली की गोव्यात कार्यक्रमांना जोर चढतो. वाचनालयांचे वर्धापनदिन, संगीत संमेलने, देवस्थानांचे उत्सव, शाळांची स्नेहसंमेलने. पत्रिकेत एका बाजूला मराठी मजकूर आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, अशी आपल्याकडची रीत. इंग्रजी बाजूला पाहुण्यांच्या नावाआधी वजनदार विशेषण हवे असते आणि हात पहिल्यांदा 'एमिनंट'कडे जातो. या महिन्यात आलेली आठ पत्रे याच शब्दाभोवती किंवा त्याच्या गोतावळ्याभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेत आहोत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या पत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी 'एमिनंट'च्या जागी 'इमिनंट' छापले गेले. तीनशे पत्रिका वाटून झाल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी चूक दाखवली. संगणकाने खाली लाल रेघ का दाखवली नाही? हे दोन शब्द वेगळे कसे लक्षात ठेवायचे?
— एक कार्यकर्ते, डिचोली

उत्तर : लाल रेघ आली नाही, कारण 'इमिनंट' हाही शुद्ध इंग्रजी शब्द आहे. स्पेलिंग तपासणारी सोय शब्द अस्तित्वात आहे की नाही एवढेच पाहते. तो त्या जागी शोभतो का, हे तिला बहुतेक वेळा कळत नाही. म्हणून ही चूक डोळ्यांनीच पकडावी लागते.

आधी अक्षरे मोजा. नामवंत या अर्थाचा 'एमिनंट' सात अक्षरांचा : ई, एम, आय, एन, ई, एन, टी. त्यात एम एकच. 'इमिनंट' आठ अक्षरांचा : सुरुवात आयने आणि पुढे एमची जोडी. मजकूर छापायला देण्यापूर्वी फाइलमध्ये शोधाच्या चौकटीत आय-एम-एम ही तीन अक्षरे घालून बघा. मान-सन्मानाच्या पत्रिकेत ती कुठेही सापडली तर थांबा. याला अर्धा मिनिटही लागत नाही.

'इमिनंट' म्हणजे आता कुठल्याही क्षणी घडेल असे, आणि बहुतेकदा ते वाईटच असते : 'इमिनंट डेंजर', 'इमिनंट कोलॅप्स'. तेव्हा तुमच्या पत्रिकेतल्या 'इमिनंट स्कॉलर'चा अर्थ 'कोसळण्याच्या बेतात असलेले विद्वान' असा काहीसा झाला. पाहुण्यांना दोन ओळींचे दिलगिरीचे पत्र पाठवा आणि मंचावरच्या फलकावर तरी शब्द दुरुस्त करून घ्या.

दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, म्हणून तर गोंधळ होतो. लॅटिनमध्ये पुढे येणे, डोकावणे या अर्थाचा एक धातू आहे, त्याची ही मुले. चिऱ्याची जुनी भिंत डोळ्यांसमोर आणा. सगळे चिरे एका रेषेत बसवलेले, मधला एकच चिरा बोटभर बाहेर आलेला. नजर आपोआप त्याच्यावर जाते. तो चिरा एमिनंट; सुरुवातीचा 'ए' हा लॅटिनमधला 'एक्स', म्हणजे बाहेर. आता तीच भिंत जुलैच्या पावसात पाणी पिऊन फुगली आणि वाटेवर कलली. अजून पडलेली नाही, पण खालून जाणारा माणूस वर बघतच पाय उचलतो. ती परिस्थिती इमिनंट. इथला 'इम' म्हणजे वर, अंगावर. पुढे आलेला तो 'प्रॉमिनंट', हे तिसरे भावंड. धाक, धोका या अर्थाचा 'मेनस' शब्दही याच घरातला.

मराठीत एमिनंटला सर्वांत जवळचा शब्दप्रयोग 'उठून दिसणारा' हा आहे. तो मनात धरला तर भिंत विसरली तरी चालेल.

उच्चारात दोन्ही शब्दांचा जोर पहिल्या अक्षरावर येतो. फरक फक्त ए आणि इ यांचा, आणि भरभर बोलताना तोही पुसला जातो. कोकणीत 'ए' दोन तऱ्हांनी ऐकू येतो, एक बंद आणि एक उघडा. इथे उघडा 'ए' घ्या, तोंड नीट उघडून. गोव्यातल्या जुन्या पिढीत या दोन शब्दांचा गोंधळ जास्त दिसतो, त्यालाही कारण आहे. पोर्तुगीजमध्ये हीच जोडी आहे आणि पोर्तुगालच्या उच्चारात सुरुवातीचा आघात नसलेला 'ए' हा 'इ'सारखा होतो. त्यामुळे दोन्ही शब्द कानाला जवळजवळ एकच लागतात. लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेल्या आजोबांनी 'इमिनेंत' म्हटले तर त्यांचे चुकले असे समजू नका.

आय-एम-एमनंतर 'ए' असलेला आणखी एक शब्द आहे, 'इमनंट'. अर्थ अंतर्यामी, आत भरून राहिलेला. ईश्वर चराचरात आहे असे इंग्रजीत सांगताना तो लागतो. कीर्तनाच्या किंवा प्रवचनाच्या पत्रिकेत तो बरोबरही असू शकतो, म्हणून सरसकट खोडू नका.

प्रश्न : मी मराठी बातम्यांचे इंग्रजी भाषांतर करते. मराठीत नामवंत, प्रतिष्ठित, ज्येष्ठ, सुप्रसिद्ध, मान्यवर असे कितीतरी शब्द येतात. मी सगळीकडे 'एमिनंट' घालते. चुकते का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : बऱ्याच ठिकाणी चुकते. 'एमिनंट' लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : कशात? उत्तर एका शब्दात आले, शस्त्रक्रियेत, गायनात, कायद्यात, संस्कृतात, तर तो शब्द एमिनंटच्या पुढे ठेवा : 'ॲन एमिनंट सर्जन', 'ॲन एमिनंट संस्कृत स्कॉलर'. उत्तर 'मोठे आहेत, सगळे ओळखतात' एवढेच असेल तर हा शब्द त्यांचा नव्हे. एमिनंट माणूस आपल्या क्षेत्रातल्या जाणकारांमध्ये उंच असतो. रस्त्यावरचा माणूस त्याला ओळखेलच असे नाही.

केरीच्या केसरबाई केरकर यांच्याविषयी 'ॲन एमिनंट व्होकलिस्ट ऑफ द जयपूर-अत्रौली घराना' हे वाक्य अगदी घट्ट बसते. व्यक्ती, क्षेत्र, त्या क्षेत्रातला कोपरा, सगळे एका ओळीत. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांना 'एमिनंट' म्हणणे योग्य, 'फेमस' म्हणणे फिके. उलट चित्रपटातल्या लोकप्रिय नटाला 'फेमस' किंवा 'पॉप्युलर' शोभते.

'प्रॉमिनंट' म्हणजे समाजात ठळकपणे दिसणारा. तिथे क्षेत्रातल्या उंचीची अट नाही. पेडण्यातले मोठे व्यापारी, देवस्थान समितीचे अध्यक्ष, गावातले जुने घराणे, यांना तो चालतो. शिवाय तो वस्तूंनाही लागतो : ठळक इमारत, पुढे आलेले दात. एमिनंट आज माणसांनाच लागतो, आणि स्तुतीच्याच अर्थाने. गुंडाला 'प्रॉमिनंट गँगस्टर' म्हणता येते, 'एमिनंट' नाही.

सगळ्यांत जास्त घसरगुंडी 'प्रतिष्ठित'वर होते. 'गावातील प्रतिष्ठित नागरिक उपस्थित होते' याचे 'प्रेस्टिजियस सिटिझन्स' असे भाषांतर सर्रास दिसते. इंग्रजीत 'प्रेस्टिजियस' संस्था असते, पुरस्कार असतो, पद असते. माणसाला तो लावत नाहीत. नागरिकांसाठी 'प्रॉमिनंट' किंवा 'रिस्पेक्टेड' लिहा. प्रतिष्ठा आणि प्रेस्टिज कानाला सारखे वाटतात, म्हणून ही चूक मराठी माणसाकडून हटकून होते. पण दोघांचे कुळ पूर्ण वेगळे. आपली प्रतिष्ठा 'स्था' धातूची, पाय रोवून उभी. 'प्रेस्टिज' आला जादूगाराच्या हातचलाखीसाठी वापरल्या जाणाऱ्या लॅटिन शब्दावरून, फ्रेंचमार्गे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत 'प्रेस्टिजियस' म्हणजे चक्क फसवा. आजचा मानाचा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला.

'ज्येष्ठ'साठी 'सीनियर' किंवा 'व्हेटरन'. ज्येष्ठ रंगकर्मी म्हणजे 'व्हेटरन थिएटर आर्टिस्ट'. इथे एक जागा जपायची. वकिलाच्या नावापुढे 'सीनियर ॲडव्होकेट' लिहू नका, जोवर तसा दर्जा त्यांना मिळाल्याची खात्री नाही. १९६१च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम १६ नुसार तो दर्जा सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय देते. वयाने ज्येष्ठ वकिलांना तो शब्द लावला तर बातमीत चुकीची माहिती जाते. त्यांच्यासाठी 'व्हेटरन लॉयर' किंवा, उंची तशी असेल तर, 'एमिनंट लॉयर'.

'मान्यवर' एकत्रितपणे आले तर 'डिग्निटरीज' किंवा 'डिस्टिंग्विश्ड गेस्ट्स'. 'डिस्टिंग्विश्ड'ला 'कशात?' या प्रश्नाचे उत्तर लागत नाही, म्हणून समूहासाठी तो सोयीचा. 'सुप्रसिद्ध'ला 'वेल-नोन' किंवा 'रिनाउन्ड'. 'रिनाउन्ड'च्या स्पेलिंगमध्ये 'के' नाही. 'नोन'च्या सवयीने तो घुसतो. आणि संपादकांना पत्र लिहिताना 'आपल्या प्रतिष्ठित दैनिकातून' असे म्हणायचे असेल तर तिथे 'एस्टीम्ड'. त्यात बोलणाऱ्याचा आदर असतो, समोरच्याची उंची मोजलेली नसते.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या पत्रिकेचा इंग्रजी मजकूर असा आहे : 'द फंक्शन विल बी इनॉग्युरेटेड ॲट द हॅण्ड्स ऑफ वेल-नोन एमिनंट सिंगर पद्मश्री अमुक, इन द प्रेझेन्स ऑफ एमिनंट पर्सनॅलिटीज.' यात काय बदलावे?
— एक सभासद, फोंडा

उत्तर : 'शुभहस्ते'पासून सुरुवात करू. मराठीत हात हा मंगल आहे. इंग्रजीत 'ॲट द हॅण्ड्स ऑफ' म्हटले की त्या हातांनी मार खाल्ला, हार पत्करली, छळ सोसला, असे काही पुढे येणार हे वाचणाऱ्याला वाटते. उद्घाटनासाठी साधा 'बाय' पुरतो : 'विल बी इनॉग्युरेटेड बाय'. तसेच 'यांच्या अध्यक्षतेखाली' म्हणजे 'प्रिसायडेड ओव्हर बाय'.

'वेल-नोन एमिनंट' ही जोडी मोडा. एमिनंट म्हटल्यावर वेल-नोनची गरज उरत नाही. शिवाय एका नावाला एकच मानाचे विशेषण लावावे; दुसरे आले की वाचणाऱ्याला पहिल्याचा भरवसा वाटेनासा होतो.

'पद्मश्री' नावाआधी नको. संविधानाचे १८वे कलम किताबांना मनाई करते. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, आणि म्हणून ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या निकालात स्पष्ट केले आहे. पुरस्काराचा उल्लेख करायलाच हवा, पण नावाखाली वेगळ्या ओळीत : 'रेसिपियंट ऑफ द पद्मश्री'. मराठी बाजूलाही हेच पाळा.

'एमिनंट पर्सनॅलिटीज' ही भारतीय इंग्रजीतली सवय आहे. कोण कोण येणार ते ठरलेले असते, मग नावे द्या. ठरलेले नसेल तर 'डिस्टिंग्विश्ड गेस्ट्स' पुरे.

आता ओळी अशा लावा. पहिली ओळ : 'टू बी इनॉग्युरेटेड बाय'. दुसरी ओळ : नाव, सगळ्यांत मोठ्या टाइपात, आधी फक्त श्री किंवा श्रीमती. तिसरी, लहान टाइपात : 'एमिनंट व्होकलिस्ट'. चौथी, तेवढ्याच लहान टाइपात : पुरस्कार. 'सिंगर'पेक्षा 'व्होकलिस्ट' घ्या. शास्त्रीय गायकासाठी तो रुळलेला आहे. अशा सुट्या ओळीत 'ॲन' लागत नाही. सलग वाक्यात मात्र लागतो, आणि 'अ एमिनंट' नव्हे, 'ॲन एमिनंट'. दिवंगत व्यक्तीचा उल्लेख असेल तर 'द लेट' नावाला चिकटून यावा, 'एमिनंट व्होकलिस्ट द लेट अमुक' असा.

मंत्री किंवा राज्यपाल येणार असतील तर 'ऑनरेबल'ही लागेल. २०१२ साली राष्ट्रपती भवनाने शिष्टाचाराची नवी पद्धत लावली : देशातल्या कार्यक्रमांत 'हिज एक्सलन्सी'ऐवजी 'ऑनरेबल', आणि तोही पदाच्या आधी; नावाआधी श्री किंवा श्रीमती. म्हणजे आधी श्री आणि नाव, मग 'ऑनरेबल गव्हर्नर ऑफ गोवा'. एक्सलन्सी परदेशी पाहुण्यांशी व्यवहार करताना राहिले. संक्षेप वापरलात तर एच-ओ-एन, मग वरचा स्वल्पविराम, मग बी-एल-ई. तो वरचा स्वल्पविराम गाळू नका आणि जागाही सोडू नका. ज्यांच्या पदाला 'ऑनरेबल' लागला त्यांच्या नावाला वर 'एमिनंट' लावू नका.

प्रश्न : आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला कार्डिनल येणार आहेत. मी निवेदन करणार आहे. 'एमिनंट कार्डिनल' म्हणू की आणखी काही?
— एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : इथे हा शब्द विशेषण राहत नाही, संबोधन होतो, आणि त्याचे रूप ठरलेले आहे. १६३० साली पोप आठवे अर्बन यांनी कार्डिनलांसाठी 'एमिनन्स' हे संबोधन ठरवून दिले. गोवा आणि दमणचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांना पोप फ्रान्सिस यांनी २७ ऑगस्ट २०२२ रोजी कार्डिनल केले. तेव्हापासून त्यांना हे संबोधन लागते.

त्यांच्याविषयी बोलताना 'हिज एमिनन्स', त्यांच्याशी थेट बोलताना 'युवर एमिनन्स'. निवेदनात नेमके हेच दोन उलटसुलट होतात. 'युवर एमिनन्स विल नाउ ॲड्रेस द गॅदरिंग' असे सभेला सांगणे चूक. सभेला सांगताना 'हिज', त्यांच्याकडे वळून विनंती करताना 'युवर'. कागदावर दोन रंगांनी खुणा करून ठेवा. लिहिताना 'कार्डिनल' हा शब्द परंपरेने नाव आणि आडनाव यांच्या मध्ये येतो : 'हिज एमिनन्स फिलिप नेरी कार्डिनल फेर्राव'. 'एमिनंट कार्डिनल' म्हणालात तर ती तुमची स्वतःची प्रशंसा होते, मानाचे संबोधन राहत नाही.

स्वामीजी किंवा मठाधिपती पाहुणे असतील तर त्यांना एमिनन्स लावू नका. त्यांच्यासाठी इंग्रजीत 'हिज होलिनेस' रुळले आहे, आणि मठाकडून येणाऱ्या पत्रावर जे छापलेले असते ते तसेच उतरवणे सर्वांत योग्य.

'ग्रे एमिनन्स' असा शब्दप्रयोग राजकीय लेखांत दिसतो, तोही इथूनच निघाला. फ्रान्सचे कार्डिनल रिशल्यू यांच्या मागे सल्लागार म्हणून फादर जोसेफ हे कापुसिन साधू असत. रिशल्यूंची वस्त्रे लाल, यांची राखाडी. पद नसताना पडद्याआडून सूत्रे हलवणारा तो ग्रे एमिनन्स. सत्कारमूर्तीसाठी हा प्रयोग चुकूनही नको.

प्रश्न : आमच्या भागातल्या भूसंपादनाच्या कागदांत आणि वर्तमानपत्रात 'एमिनंट डोमेन' असे वाचले. म्हणजे प्रतिष्ठित जमीन का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : जमीन प्रतिष्ठित नाही, अधिकार वरचढ आहे. 'डोमेन' म्हणजे इथे स्वामित्व. तुमचे तुमच्या जमिनीवर स्वामित्व आहेच, पण सार्वजनिक कामासाठी ती घेण्याचा राज्याचा अधिकार त्याच्या वर आहे, अशी ही कल्पना. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांनी १६२५ साली हा लॅटिन शब्दप्रयोग वापरला आणि तिथून तो कायद्यात स्थिरावला. एमिनंटचा जुना, मुळातला 'उंच, वरचा' हा अर्थ इथे गोठून राहिला आहे. मराठीत त्याला 'राज्याचा सर्वोपरी अधिकार' म्हणा. 'नामांकित क्षेत्र' असे भाषांतर कुणी केले असेल तर ते खोडा.

शब्दाच्या वजनाला घाबरून जाऊ नका. हा अधिकार मोकाट नाही. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला, तरी कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक प्रयोजन, मोबदला आणि पुनर्वसन यांच्या तरतुदी आहेत. नोटिशीत हा शब्द दिसला की त्याच कागदावर 'पब्लिक पर्पज' हे शब्द शोधा आणि पुढे कोणते प्रयोजन लिहिले आहे ते वाचा. हरकतीसाठी दिलेली मुदतही तिथेच असते.

प्रश्न : 'धिस प्लॉट इज एमिनंटली सूटेबल' अशी जाहिरात वाचली. भूखंड नामवंत कसा?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : 'एमिनंटली' झाले की नामवंतपणा गळून पडतो, उरतो फक्त 'अत्यंत, सर्वार्थाने'. 'एमिनंटली सूटेबल' म्हणजे अगदी योग्य, 'एमिनंटली सेन्सिबल' म्हणजे अतिशय समंजस. जाहिरात भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे. चांगल्या गुणांसोबतच तो शोभतो, 'एमिनंटली लेट' वगैरे म्हणत नाहीत. 'प्रीएमिनंट' म्हणजे सर्वांत वरचा, म्हणून 'मोस्ट प्रीएमिनंट' ही पुनरुक्ती होते. साध्या एमिनंटला मात्र 'मोर' आणि 'मोस्ट' दोन्ही चालतात.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. माहिती अधिकार कायद्यात 'पर्सन्स ऑफ एमिनन्स इन पब्लिक लाइफ' असे आहे, संविधानात 'डिस्टिंग्विश्ड ज्युरिस्ट' आहे. दोन्हींचा अर्थ एकच धरायचा का? आणि बायोडेटात स्वतःविषयी एमिनंट लिहिता येते का?
— एक विद्यार्थी, साखळी

उत्तर : जवळचे अर्थ आहेत, एकच नव्हे. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम १२(५) केंद्रीय आयुक्तांसाठी आणि १५(५) राज्य आयुक्तांसाठी 'पर्सन्स ऑफ एमिनन्स' म्हणते आणि लगेच क्षेत्रे मोजून दाखवते : कायदा, विज्ञान आणि तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, प्रसारमाध्यमे, प्रशासन. म्हणजे 'कशात?' या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेच जोडून दिले आहे. गोवा राज्य माहिती आयोगालाही हीच कसोटी लागू.

हे उत्तर जोडले नाही तर काय होते तेही पाहा. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी २०१४ साली आणलेल्या आयोगात दोन 'एमिनंट पर्सन्स' असायचे होते, पण एमिनंट कशात आणि कोणत्या निकषाने, हे सांगितलेले नव्हते. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनादुरुस्तीच रद्द केली. त्या निकालातल्या चर्चेत हे मोघम शब्दही होते. परीक्षेत उदाहरण मागितले तर हे द्या.

'डिस्टिंग्विश्ड' म्हणजे केलेल्या कामाने इतरांपासून वेगळा ठरलेला. कलम १२४(३) मध्ये तो 'ज्युरिस्ट'ला जोडून येतो, पद्म पुरस्कारांच्या वर्णनात 'सर्व्हिस'ला जोडून येतो. सेवा 'डिस्टिंग्विश्ड' असू शकते. 'एमिनंट सर्व्हिस' सहसा म्हणत नाहीत.

नामरूपही पाठ करून ठेवा. 'रोझ टू एमिनन्स', 'अचीव्ह्ड एमिनन्स इन सर्जरी', 'अ पर्सन ऑफ एमिनन्स' ही रूपे बरोबर. क्षेत्र सांगताना 'इन', गुण सांगताना 'फॉर' : 'एमिनंट इन लॉ', 'एमिनंट फॉर हर स्कॉलरशिप'.

बायोडेटात स्वतःसाठी हा शब्द कधीच लिहू नये. ही उंची दुसऱ्यांनी मोजायची असते. तिथे वर्ष, संस्था, काम, बक्षीस, अशी माहिती द्या. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांनी तो वापरायचा की नाही, ते त्यांचे काम.

प्रश्न : विधानसभेच्या संदर्भात 'धिस ऑगस्ट हाउस' म्हणतात. महिन्याचा काय संबंध? आमच्या टंकलेखकांनी पहिले अक्षर मोठे घातले आहे.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : रोमन सम्राट ऑगस्टस याच्या नावावरून महिना आला, आणि त्याचा तो किताब वंदनीय, भारदस्त या अर्थाच्या लॅटिन विशेषणातून. इंग्रजी विशेषणही त्याच मुळाचे. स्पेलिंग तेच, पण महिन्यात जोर पहिल्या अक्षरावर आणि विशेषणात दुसऱ्यावर : ऑ-गस्ट, 'गस्ट' दाबून. महिन्याचे पहिले अक्षर मोठे, विशेषणाचे लहान. 'हाउस'चा एच मात्र सभागृहासाठी मोठा ठेवायची पद्धत आहे. तेव्हा टंकलेखकांना सांगा : ए लहान, एच मोठा. टाइप झाल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण संगणक त्या शब्दाला महिना समजून ए आपणहून मोठा करू शकतो.